श्रावणातला पाला

कडी काढली तरी शिट्टी वाजली नाही. प्रमिला दारातच थांबली. एका हातात मिटलेली ओली छत्री, दुसरा हात कडीवर आणि कान स्वयंपाकघरातल्या त्या कोपऱ्याकडे. गेले नऊ महिने असं एकदाही झालं नव्हतं. वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची ड्यूटी दोनला संपायची, नालवाडीपर्यंत पायी यायला अर्धा तास लागायचा, आणि फाटकापाशी तिच्या चपलेचा आवाज झाला की आत चार गळ्यांतून एकदम ती तीक्ष्ण, चढत जाणारी शिट्टी सुरू व्हायची. सात तास कानाला हेडफोन लावून हिंगणघाट, आर्वी, नागपूर, मुंबई इथली माणसं एकमेकांना जोडून द्यायची, तीन मिनिटं झाली, आणखी बोलणार का, असं शंभरदा विचारायचं, आणि घरी येऊन पहिली हाक ऐकायची ती गिनीपिगांची. तीही मागणीचीच. एकदा तरी या घराचं दार गुपचूप उघडावं, असं तिनं कितीदा मनात म्हटलं होतं. आज ते गुपचूप उघडलं होतं आणि ती तिथंच उभी होती, चिडलेली. आवाज आला की चीड, नाही आला की चीड. आपल्याला नेमकं काय हवंय हे एखाद्यानं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न आजवर अडला नव्हता.

गिनीपिग या घरात आले ते वासुदेवरावांमुळे. तिचा नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात लॅब असिस्टंट होता. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत विभागातले जुने पिंजरे मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा उरलेली दोन जनावरं तो कागदी खोक्यात घालून सायकलला बांधून घेऊन आला. दोन्ही माद्या आहेत, त्रास नाही, असं एकवीस वर्षं प्राणिशास्त्र विभागात काढलेल्या माणसानं सांगितलं. पौष संपता संपता त्या दोन माद्यांना दोन पिल्लं झाली. जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, तासाभरात पळायला लागलेली. वासुदेवराव खूश झाले. हे त्यांचं वैशिष्ट्य आहे, म्हणाले. मग त्यांनी चौघांनाही उलटंपालटं करून पाहिलं आणि खोक्यात आडवी फळी घालून नर वेगळा केला. नाव कळलं त्या दिवशीचा गोंधळ वेगळाच. ‘पिग म्हंजे?’ असं सासूनं, रुख्माबाईंनी, विचारलं, तेव्हा शेजारचे बंडूजी कुंपणापलीकडून म्हणाले, ‘पिग म्हंजे डुक्कर होय, काकू.’ चार दिवस खोका बाहेर न्हाणीपाशी राहिला. पाचव्या दिवशी रुख्माबाईंनी झाकण उचलून बराच वेळ आत बघितलं. ‘डुक्कर कायचं,’ त्या म्हणाल्या, ‘हा तं उंदराचा मोठा भाऊ होय. गणपतीच्या घरचा.’ थंडीचे दिवस होते. त्यांनी स्वतःच्या हातानं खोका उचलून चुलीशेजारी ठेवला, खाली जुनं गोणपाट घातलं, आणि तेव्हापासून ते घरातले झाले. ज्ञान वासुदेवरावांचं, जागा रुख्माबाईंची. ओलं झालेलं गवत उपसणं, लेंड्या झाडणं, गोणपाट वाळवणं, पाण्याची वाटी घासणं आणि कुरतडलेल्या खोक्याला तार बांधणं हे उरलेलं काम प्रमिलाचं. ते कोणी तिला दिलं नव्हतं. मुलगी दोन वर्षांपूर्वी वरोऱ्याला दिली, तिच्या मागं या घरात जे जे उरलं होतं ते असंच न बोलता तिच्याकडे आलं होतं.

तिनं छत्री कोपऱ्यात टेकवली, पर्स खुंटीला अडकवली. पर्समध्ये कागद होता. आज बुधवार, आणि शनिवारी बाराच्या आत तो भरून द्यायचा होता. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजला सुपरवायझर म्हणून जायची तयारी आहे की नाही, एवढंच त्यात लिहायचं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तिचं नाव यादीत वर आलं होतं. शिफ्टची ड्यूटी, म्हणजे रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं, पण राहायला क्वार्टर मिळणार होतं आणि सुट्टीला घरी येता आलं असतं. नाही म्हटलं तर नाव खाली जाणार आणि पुढच्या नंबरच्या वच्छलाबाईंना विचारणार. रविवारी तिनं वासुदेवरावांना सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला केला, ही त्यांच्या दृष्टीनं मोठीच गोष्ट. ‘नागपूर काई लंब नाई,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘पन मंग याईचं कोन करन?’ तिला वाटलं ते आईबद्दल बोलताहेत, किंवा आई आणि स्वतः मिळून. पण त्यांनी घडी केलेल्या पेपरानं खोक्याकडे बोट दाखवलं होतं. तिला हसू आलं होतं आणि ते तोंडापर्यंत आलं नव्हतं. तेव्हापासून तीन दिवस ती एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांच्या बोलण्याच्या फटींत स्वतःचं उत्तर ऐकायचा प्रयत्न करत होती. कापसाचे व्यापारी बोलत, बाळंतिणींचे नवरे बोलत, कोणीतरी रडे, आणि तिचं उत्तर काही येत नसे.

खोक्यात चौघं वेगवेगळ्या कोपऱ्यांत फुगून बसले होते. केस विस्कटलेले, डोळे अर्धे. पाण्याची वाटी भरलेली, काकडीच्या चकत्या तशाच, कडा वाळलेल्या. तिनं बोटानं पहिल्या मादीला, जी सगळ्यात धीट होती आणि हाताला हुंगायला यायची तिला, हलकेच ढकललं. ती सरकली, पण पुढच्या पायांवरच. मागचे पाय तिच्या मागून ओढत आले, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. प्रमिलानं हात मागं घेतला. वर भिंतीतल्या खिळ्याला सुतळ्या लटकत होत्या. भाजीवाली रोज दहाच्या सुमाराला कोबीची वरची पानं, मुळ्याचा पाला, मेथीच्या काड्या अशी एक जुडी सुतळीनं बांधून ओट्यावर ठेवून जाई, रुख्माबाई ती सोडून अकरा वाजता खोक्यात घालत आणि सुतळी खिळ्याला अडकवत, कारण सुतळी त्या फेकत नसत. रोज घरी आल्यावर प्रमिला खिळ्याकडे बघायची. नवी सुतळी म्हणजे यांचं खाणं झालं. आजही नवी सुतळी होती, ओलसर.

‘आत्याबाई,’ ती म्हणाली, ‘याईनं आज पाला नाई खाल्ला का?’

रुख्माबाई देवापुढं बसून वाती वळत होत्या. ‘कोनता पाला?’

‘भाजीवाली ठेवून जाते तो.’

‘तो तं मी बंडूजीच्या गाईले देतो. श्रावन लागल्यापासून.’

‘काऊन?’

‘काऊन म्हंजे? श्रावनात आपल्या घरी पालेभाजी येते का? तू काय आज आली का या घरात?’

‘ते आपल्यासाठी. हे जनावर होय.’

‘जनावर गोठ्यात राह्यते,’ रुख्माबाई म्हणाल्या. वात बोटांत फिरतच होती. ‘हे माह्या चुलीपाशी राह्यते. घरातल्यानं घरचं पाळाव. गाय बंडूजीची होय, तिले चालते.’

‘मंग खाऊन काय राह्यले हे?’

‘उपाशी ठेवलं का मी? काकडी देतो, दोडक्याच्या साली देतो, भिजलेला हरभरा देतो. सोमवारी भगर देतो, दिवस बुडाल्यावर.’

‘सोमवारी उपास करते हे?’

‘करत नाई. करून घेतो,’ रुख्माबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची वात घेतली.

प्रमिला खोक्यापाशी खाली बसली. या बाईंवर ओरडता येत नाही हीच तर अडचण होती, पंचवीस वर्षांची. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या आंजी गावाहून इथं राहायला आल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि त्याच्या आत जे जे येईल ते आपलं, आणि जे आपलं त्यानं आपलं पाळायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. चार मुक्या जिवांना त्यांनी घरात धरलं होतं, मनापासून धरलं होतं, आणि त्या धरण्यातच हे असं झालं होतं. खरं म्हणजे बंडूजींच्या दृष्टीनं ते डुक्करच राहिले असते आणि न्हाणीपाशीच पडून राहिले असते, तर कोणी ना कोणी त्यांना मुळ्याचा पाला टाकलाच असता. आणि आपण तरी काय केलं, तिनं स्वतःला विचारलं. श्रावणात घरात पालेभाजी येत नाही हे आपल्याला माहीत होतं, यांना पालेभाजी लागते हेही माहीत होतं, आणि तीन आठवडे दोन गोष्टी डोक्यात शेजारी-शेजारी पडून राहिल्या, एकमेकींना लागल्या नाहीत. आपण सुतळी बघत राहिलो. दिवसभर लोकांच्या लायनी जोडून देणारी बाई. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं काकडीच्या वाळक्या चकत्या एकेक करून उचलल्या आणि तेवढ्याच हळू, एकेक करून, सुपात टाकल्या.

वासुदेवराव साडेपाचला आले. पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा तशाच ठेवून ते खोक्यापाशी उकिडवे बसले, खिशातून पेनटॉर्च काढला, मादीचं तोंड अंगठ्यानं उघडून आत उजेड पाडला, आणि तिनं त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पाहिला. दुःखाच्या आधी तो आला होता, आणि तो तिला दिसला होता, आता तो परत घेता येणार नव्हता. ‘स्कर्व्ही,’ ते म्हणाले. ‘हिरड्या बघ. सांधा बघ, सुजला. अगदी पुस्तकातली केस. क जीवनसत्त्व. कसं आहे, बाकी सगळे प्राणी आपल्या शरीरात ते तयार करतात, कुत्रं, मांजर, गाय, उंदीरसुद्धा. फक्त माकड, मानूस आन् गिनीपिग, यांना ते बाहेरून खावं लागतं. ताज्या पाल्यातून, फळातून. दोन-तीन हप्ते नाई भेटलं का मंग हे असं.’

‘तुमाले मालूम होतं.’

‘मालूम होतं म्हंजे? एकवीस वर्षं पोट्ट्याईले सांगून राह्यलो.’

‘घरी काऊन नाई सांगतलं?’

‘मले काय मालूम घरी पाला बंद झाला म्हनून,’ ते म्हणाले, थोडे दुखावून. ‘गवत ओलं देऊ नोका, पोट फुगते, हे सांगतलं होतं ना मी. ते पाळलं. बाकी तू पाहून राह्यली होती ना.’

ते खरं होतं. त्यांनी मादीला मानेमागच्या कातडीला चिमटीत धरून उचललं होतं आणि ती त्यांच्या हातात एकदम ताठ झाली होती, पाय आवळून, श्वाससुद्धा दिसेना. नेहमीच असं होई. त्यांनी उचललं की चौघंही लाकडाची व्हायची. प्रमिलाला त्याचं कारण उन्हाळ्यात एकदा कळलं होतं, कोणी न सांगता. लॅबमध्ये त्यांनी जनावर उचललं ते बरणीत घालण्यासाठीच, बेशुद्धीच्या औषधाच्या बोळ्याच्या वासात, पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी. दुसऱ्या कामासाठी उचलायचं कसं हे त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं. कळलं तेव्हा तिला त्यांची कीव आली होती. आज ती आली नाही.

ती तशीच उठून पुन्हा चपला घालून चौकातून पालकाची जुडी घेऊन आली. रुख्माबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या, उंबऱ्याच्या आत, हात पदराखाली. ‘माह्या घरात नाई,’ एवढंच म्हणाल्या. ‘एक हप्ता राह्यला श्रावनाचा. औषध देनं होय तं दे. औषधाले मी नाई म्हनत नाई.’ पुढच्या खोलीत वासुदेवराव सायकलच्या क्लिपा काढत होते, दोन क्लिपा काढायला त्यांना बराच वेळ लागत होता. प्रमिला जुडी घेऊन उभी. त्रेचाळीस वर्षांची बाई, एकोणीस वर्षं या घरात पगार आणणारी, आणि तिला पालकाची एक जुडी चार पावलं आत नेता येत नव्हती. तिनं नेली असती तर रुख्माबाईंनी अडवलं नसतं, हात धरला नसता. त्या फक्त त्या रात्री जेवल्या नसत्या, दुसऱ्या दिवशीही, आणि कोणाला काही बोलल्या नसत्या. हे सगळं घडून गेल्यासारखं तिला दिसलं, आणि ते दिसणंच पुरे झालं. तिनं जुडी बंडूजींच्या गाईपुढं टाकली. गाईनं ती दोन घासांत संपवली.

आत येताना तिच्या तोंडात एकदम आंबट चव आली, इतकी खरी की जिभेला पाणी सुटलं. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं, तेव्हा सगळे आंजीलाच राहत. वडनेरच्या माहेरी श्रावण पाळत, पण तिथं आई मुलींकडे जरा कानाडोळा करी. इथं तसं नव्हतं. तिला पाचवा महिना होता आणि दात घासताना रोज हिरड्यांतून रक्त यायचं. ती ते चूळ भरून मातीत मिसळून टाकायची, कारण कोणाला दाखवायचं हे कळत नव्हतं. आणि डोक्यात एकच गोष्ट, अंबाडीची भाजी. भाजीही नाही, नुसता पाला. शेतात पराटीच्या, कपाशीच्या, ओळींत अंबाडी हाताहाताची झाली होती, लालसर देठांची, आणि तिकडून वारा आला की तिला भरून यायचं. तिनं सासूला विचारलं होतं, अगदी लाजत. ‘महिनाभर धीर धर, बाई,’ रुख्माबाई म्हणाल्या होत्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता, त्या हाताचा तेलकट ऊबदारपणा तिला अजून आठवतो. त्याच दुपारी सगळे निजले असताना ती विहिरीमागच्या वावरात गेली आणि उभ्याउभ्या, धुतल्याशिवाय, मुठीमुठीनं अंबाडीचा पाला ओरबाडून खाल्ला. माती दातांत कचकचली. दात आंबले, हनुवटीवरून हिरवं पाणी गेलं. किती खाल्ला कोण जाणे. मग पदरानं तोंड पुसून घरी येऊन ती सासूच्या शेजारी निजली आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर दोडक्याची भाजी खाल्ली. ही गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली नव्हती, मुलीला नाही, कोणालाच नाही. पाप केलं असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण ती गोष्ट चोरी केल्यासारखी जपून ठेवली होती, आणि मधल्या चोवीस श्रावणांत पुन्हा एकदाही तसं केलं नव्हतं. का नाही केलं, हा विचार आज पहिल्यांदा आला आणि तो काही बरा वाटला नाही.

गुरुवारी एक्स्चेंजच्या बोर्डावर सकाळपासून गर्दी. पुलगावहून एक माणूस अर्जंट कॉल लावून बायकोला विचारत होता, किल्ली कुठं ठेवली. शेजारच्या खुर्चीवरून वच्छलाबाईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला. ‘मंग काय ठरलं तुमचं, प्रमिलाबाई? नाई, मले घाई नाई.’

‘तुमाले कायची घाई.’

‘तेच तं म्हनतो. पोराची बारावी आहे, मले तसंबी जाता येत नाई. पन विचारलं तं होच म्हनाव लागन. असं असते ना.’

‘असं असते,’ प्रमिला म्हणाली.

‘घरचे काय म्हनते?’

‘काई नाई म्हनत.’

‘मंग तं कठीन आहे,’ वच्छलाबाई समजुतीनं म्हणाल्या आणि त्यांनी एका लुकलुकत्या दिव्याखाली दोर खुपसला. ‘हॅलो, वर्धा.’

घरी येताना प्रमिलानं औषधाच्या दुकानातून सी व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि काचेचा ड्रॉपर घेतला. दुकानदारानं विचारलं, लहान मूल आहे का. ती हो म्हणाली, कारण नाही म्हटलं असतं तर पुढं बरंच सांगावं लागलं असतं. गोळी वाटून पाण्यात कालवली, आणि एकेकाला मांडीवर पदरात गुंडाळून, ओठांच्या कोपऱ्यातून थेंब थेंब घातलं. दोन्ही पिल्लांनी, म्हणजे आता पिल्लं राहिली नव्हती तरी, चाटून घेतलं. नरानं तिचं बोट चावलं, त्याचं तिला बरं वाटलं. पहिल्या मादीच्या तोंडात गेलेलं पाणी बाजूनं बाहेर आलं आणि पदर ओला झाला. वासुदेवराव खुर्चीवरून सांगत होते, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. ते बरोबर सांगत होते. ‘इकडं या,’ ती म्हणाली, ‘पाहून घ्या कसं धराव लागते ते.’ ते म्हणाले, ‘तुझ्या हाताची सवय आहे त्यांना.’ तिनं वर पाहिलं नाही. तिच्या हाताची सवय. हा या घरातला सगळ्यात मोठा मान होता आणि तो तिला रोज मिळत होता.

शुक्रवारी सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी तिनं खोका उघडला तेव्हा पहिली मादी आडवी झाली होती. फार वेळ झाला नसावा, पोट अजून कोमट होतं. वासुदेवरावांनी येऊन पाहिलं, हात मागं बांधून. ‘सांगाडा चांगला झाला असता,’ ते अर्धवट म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून पेपरचा कालचा अंक घेऊन आले, तिला त्यात गुंडाळलं आणि पेरूच्या झाडाखाली खड्डा केला. खड्डा त्यांनी व्यवस्थित केला, हवा त्यापेक्षा खोल. रुख्माबाई दारातून बघत होत्या. प्रमिला निघाली तेव्हा त्या दुसऱ्यांदा अंघोळ करत होत्या.

त्या दिवशी दुपारी ती परत आली तेव्हा फाटकातूनच तिला खोका दिसला. बाहेर, पुढच्या छपरीत, भिंतीला लागून. खाली चार विटा, वर पोत्याचा आडोसा, पावसाची झड येऊ नये असा. आत मुळ्याचा पाला, कोबीची पानं आणि कुठून तरी आणलेला आंबटचुका, ढीगभर, आणि त्या ढिगात तीन तोंडं हलत होती, घाईनं, आवाज न करता. रुख्माबाई शेजारी पाटावर बसून सुतळी सोडवत होत्या.

‘हे कोनं केलं?’ प्रमिलानं विचारलं.

‘मी केलं. आन् कोन करते.’ त्यांनी गाठ दातानं सैल केली. ‘मले कोनी सांगतलं काऊन नाई, का याईले पाल्याबिगर मरन आहे म्हनून? वासुदेवले मालूम, तुले मालूम. सारं घर शिकलेलं. मी अडानी बाई नेम धरून बसली आन् तुमी पाहून राह्यले.’

‘मी सांगतलं होतं परवा.’

‘परवा तू पालक आनला. मरन नाई सांगतलं.’

हेही खरं होतं. प्रमिला पायरीवर बसली. ‘मंग आता नेम?’

‘नेम घरातल्याले,’ रुख्माबाई म्हणाल्या. ‘म्या त्याईले उंबऱ्याच्या भाईर काढलं. भाईर गेलं का नेम नाई. भाईर जे भेटन ते खाव.’

‘मांजर येईन इथं.’

‘येऊ दे. जाळी लावन वासुदेव. खड्डा खनता येते तं जाळी लावता येते.’ खोक्यात पानं फाटण्याचा बारीक आवाज येत होता. ‘आधीच काढाव लागत होतं. मले वाटे, थंडीचं आनलं, आपल्यापाशी बरं आहे. आपल्यापाशी ठेवलं म्हंजे बरंच असते असं नाई.’ मग त्याच सुरात, सुतळीकडे बघत, ‘नागपूरले जाऊन राह्यली म्हन्ते तू?’

‘कोनं सांगतलं?’

‘वासुदेव सांगते का काई. बंडूजीची बायको म्हने. त्या वच्छलाबाईची ननंद तिच्या माहेरची होय.’

‘अजून लिहून नाई देल्लं. उद्या द्याव लागते.’

‘सुट्टीले येशीन का?’

‘येईन. दर सुट्टीले.’

‘बरं.’ रुख्माबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सुतळी बोटाला गुंडाळत आत निघाल्या, आणि दारात थांबून पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘तिथं श्रावनात काय खाशीन ते माह्या कानावर येऊ देऊ नोको.’

प्रमिला पायरीवर बसून राहिली. आनंद झाला असं म्हणता आलं नसतं. उलट, पंचवीस वर्षं जी गाठ आपल्याला सुटणार नाही असं धरून चाललो ती अशी दातानं सैल होते, कोणी नुसतं तोंड लावायचा अवकाश, याचाच तिला संताप आला. इतकं सोपं होतं तर मग मधल्या एवढ्या दिवसांचं काय करायचं. ते कुठं ठेवायचे. संध्याकाळी वासुदेवराव आले, छपरीतल्या खोक्याभोवती एक फेरी मारली, हवा खेळती राहील, म्हणाले, आणि मग तिच्याकडे न बघता विचारलं, ‘ड्रॉपर कुठी आहे?’ तिनं सांगितलं. त्यांनी नराला उचललं, तसंच, मानेला धरून. ‘खालून,’ ती म्हणाली, ‘दुसरा हात खालून लावा.’ त्यांनी लावला. नर ताठच राहिला. तिनं त्यांच्या हातातून त्याला घेतलं नाही. फार वेळ लागला, निम्मं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं, पण तिनं घेतलं नाही. हात मांडीखाली दाबून बसली.

शनिवारी अकरा वाजता तिनं बोर्डावर आपल्या जागी बसायला बाई मागून घेतली आणि ओमप्रकाशजींच्या टेबलापाशी गेली. हे इथले सुपरवायझर, दोन वर्षांनी रिटायर होणारे, शिक्के नेमून दिलेल्या जागीच मारणारे. तिनं पर्समधून कागद काढला, घडी मोडली. नाव, पद, नोकरीची वर्षं आधीच भरलेली होती. खाली एकच छापील ओळ हिंदीत: मैं उपर्युक्त स्थान पर जाने के लिए इच्छुक हूँ / नहीं हूँ। आणि कंसात, जो लागू न हो उसे काट दें। पलीकडे वच्छलाबाईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला होता. प्रमिलानं टेबलावरचं पेन घेतलं. ते चाललं नाही, झटकलं, मग चाललं. तिनं ‘नहीं’वर रेघ मारली. एक मारली, मग त्यावरून पुन्हा एक, शब्द वाचता येणार नाही अशी, खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

ओमप्रकाशजींनी चष्मा लावून तो वाचला. मग बोट ठेवलं. ‘मॅडम, सिर्फ ‘नहीं’ काटा आपने. पूरा ‘नहीं हूँ’ काटना था. अब देखिए, ‘इच्छुक हूँ, हूँ’. दो बार हो गया.’

‘हो गया ना,’ ती म्हणाली.

‘दूसरा फॉर्म नहीं है मेरे पास. एक ‘हूँ’ काट दीजिए, काटने की जगह छोटा साइन कर दीजिए.’ त्यांनी पेन पुन्हा तिच्या हातात दिलं.

तिनं कागदाकडे पाहिलं. पेन टेबलावर ठेवलं.

‘रहने दीजिए,’ ती म्हणाली. ‘दोन्ही राहू द्या.’